करंगळीची कड

शिळफाट्यावर आबाजींचा मसाल्याचा डंक आहे. तिथे सुंदरा एकोणीस वर्षे कामाला होती. कुटण्यासाठी विजेवर चालणारी लोखंडी मुसळे होती; ती कधी थांबवायची हे सांगणे सुंदराचे काम. मुसळांचा मारा सलग चालला की उखळातला मसाला तापतो, आणि फाजील तापला की रंग काळवंडतो, वास उडतो. उजव्या हातात उलथणे असल्यामुळे तपासणी डाव्या हाताची असे. मुसळे बंद झाली की करंगळीकडची कड ती ढिगात खुपसायची आणि ‘आणिक चार घाव’ किंवा ‘बास’ एवढेच बोलायची. तिच्या ‘बास’वर आबाजींनी कधी शंका घेतली नव्हती.

त्या एप्रिलमध्ये मसाला करपल्याची तक्रार घेऊन गिऱ्हाइके परतली. आबाजींच्या म्हणण्याप्रमाणे तीन, सुंदराच्या म्हणण्याप्रमाणे दोन. तक्रार खरी होती, हे दोघांनाही मान्य होते. आणखी एक घाणा बिघडला तर उखळावर दुसरी बाई बसेल आणि सुंदराने देठे खुडायला बसावे, असे आबाजींनी सांगून टाकले.

सुंदराकडे याचे स्पष्टीकरण तयार होते: मिरचीने हात मेला. डंकावर हे कोणालाही पटण्यासारखे होते. नव्या बाईचे हात पहिला महिनाभर भगभगतात, ती तेल चोळते, ताकात बोटे बुडवून बसते. पुढे आग कमी होत जाते. आग न होणे हा तिथे जुनेपणाचा मान. वर्षभर सुंदराच्या करंगळीला मिरची झोंबत नव्हती आणि ती ते कौतुकाने दाखवायची. “सुंदरे, तुझ्या हातावर पापड भाजायला हरकत नाय,” असे आबाजी म्हणायचे, तेव्हा हसण्यात तीही सामील असे.

तिच्याच गावची आशा कार्यकर्ती रूपाली दोन किलो मिरची घेऊन आली, तेव्हाही सुंदराने ते दाखवले. रूपालीने एक मिरची मोडून तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर एकेक करून चोळली आणि थांबून राहिली. थोड्या वेळाने अंगठा झोंबू लागला, तर्जनी आणि मधले बोटही. करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू गप्प होती.

“काकी, मिरची काय बोटं निवडते का गं?” रूपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी सरकारी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून गरम आणि थंड पाण्याच्या काचनळ्या हाताला लावल्या. करंगळीच्या कडेला दोन्ही तिला सारख्याच वाटल्या. मग त्यांनी विचारले की पावसाळ्यात डंक बंद असताना आग परत आली होती का. लावणीचे तीन महिने हाताला मिरची नव्हती, तरी आली नव्हती. त्यांनी समजावले ते असे: कातडीतल्या ज्ञानतंतूंच्या टोकांवर एक प्रथिन असते, दारासारखे. साधारण त्रेचाळीस अंशांना ते उघडते आणि मेंदूला चटक्याची वर्दी जाते. मिरचीतले द्रव्यही तेच दार उघडते, म्हणून मिरची लागली की भाजल्यासारखे वाटते. वाळत घातलेल्या मिरच्या बुलबुल खुशाल खातात, कारण त्यांचे दार उष्णतेने उघडते पण मिरचीने उघडत नाही. रोज मिरची लागून ही टोके थकतात, पण हात काही आठवडे मोकळा राहिला तर सावरतात. सुंदराच्या बाबतीत दारे ज्या तंतूंवर बसलेली होती ते तंतूच आजाराने निकामी केले होते.

आजाराचे नाव कुष्ठरोग आहे हे ऐकताच तिने हात पदराखाली घेतला. गोळ्या सहा महिन्यांच्या, मोफत. त्या सुरू झाल्या की आजार दुसऱ्याला लागत नाही. गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. डॉक्टरांनी बधिर भागाभोवती पेनाने रेघ ओढली, तिचे माप कार्डावर लिहिले आणि ती पुढे सरकली तर लगेच यायला बजावले.

आबाजींना सांगायचे की नाही, यावर परतीच्या वाटेत रूपालीने मत दिले नाही. सुंदराने सांगितले. गोळ्या सुरू झाल्यावर आजार लागत नाही ना, याची आबाजींनी आधी रूपालीला फोन करून खात्री केली. पुढचे दोन दिवस सुंदरा देठे खुडत बसली आणि उखळावर कोणीच बसले नाही. तिसऱ्या दिवशी ते तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

“उजव्याला समजतं ना?”

“समजतं.”

“मग उलथणं डाव्यात धर.”

उजवा हात कच्चा होता. पहिले पंधरा दिवस सुंदरा घाईने ‘बास’ म्हणायची, मसाला भरड राहायचा आणि पुन्हा कुटावा लागायचा. आबाजी कुरकुरत, पण कुटत. दसऱ्यानंतर शेवटची गोळी झाली, तेव्हा डॉक्टरांनी नवी रेघ ओढून जुन्या मापाशी ताडून पाहिली. रेघ होती तिथेच होती. यालाच यश म्हणायचे, असे ते म्हणाले.

त्या दुपारी डंकावर सुंदराने मिरची मोडून करंगळीवर चोळली आणि वाट पाहिली. काही झाले नाही. तिने हात धुतला, डाव्या हातात उलथणे घेतले, उजव्याची कड ढिगात खुपसली आणि आणिक चार घाव सांगितले.