धुराची पाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. कुमसाराला, पापं कबूल करताना, जाळीपलीकडच्या पाद्रींना सांगितलं – पण ते कसं सांगितलं, ते पुढं येईलच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बरं वाटतं. माझ्या ओळखीच्या माणसांना मला चांगली समजायची सवय झाली आहे. ती सवय मोडायला माझी जीभ उचलत नाही.

आधी आमच्या मंडळाबद्दल सांगते. त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

मालवणहून खाडीच्या कडेकडेनं तास-दीड तास चाललं की आमची वाडी लागते. थोडी ख्रिस्ती घरं, बरीचशी हिंदू. मी तिथल्याच शिंप्याची मुलगी, अग्नेस. फायनल पास झाले आणि वाडीतल्याच शाळेत शिकवू लागले, तेव्हापासून सगळ्यांची बाई झाले. इगर्जीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आम्हा पंधरा-वीस जणांचं एक मंडळ होतं. आम्ही पाद्री नव्हतो, सिस्टर नव्हतो. सुतार होते, मासे विकणाऱ्या बायका होत्या, बोटीवरून कायमचा घरी आलेला एक म्हातारा आचारी होता. पण आम्ही एका धर्मसंघाला वचन दिलेलं होतं – संसार करायचा, धंदा करायचा आणि त्यात राहूनच संघाचे नियम पाळायचे. महिन्यातून एका रविवारी मिस्सेची प्रार्थना झाली की आम्ही इगर्जीच्या ओसरीवर बसायचो. थोडं चिंतन व्हायचं, थोडे वाद व्हायचे, मग पेज आणि सुकटीची किसमूर. ते दिवस सुखाचे होते. आजही आहेत. ते खोटं सांगणार नाही.

नाताळच्या आधी एकदा घाटावरून एक फादर एसटीनं यायचे आणि अख्खा दिवस आमच्याबरोबर बसायचे. सरत्या वर्षात काय जमलं, काय नाही, याचा त्या दिवशी विचार व्हायचा आणि येत्या वर्षी सगळ्यांनी मिळून काय करायचं ते ठरायचं. मी मंडळाची चिटणीस. वही माझ्याकडे.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी फादरनी आधीच पत्र पाठवलं – प्रत्येकानं एक सूचना कागदावर आणावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची सूचना चिटणिसांनी लिहून घ्यावी आणि त्यांच्या नावानं वाचावी. कारण अशा बैठकीत शिकलेली माणसंच बोलतात, बाकीची ऐकून घरी जातात. असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मीच.

पावलीन मावशी दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत शाळेत आली. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, सगळी वाडीच तिला मावशी म्हणायची. पन्नाशीची, विधवा. नवरा बोटीवर खलाशी होता, तिकडेच कुठल्याशा बंदरात वारला. एकुलती मुलगी लुईझा वेंगुर्ल्याला दिली होती. मावशी पहाटे मासे घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकायची. तिनं रिकामी पाटी बाहेर उंडीच्या झाडाखाली ठेवली, पाय झाडले आणि माझ्या टेबलाशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

“बाय, माका लिवूक येना नाय. मी सांगतंय, तू लिव.”

आणि तिनं सांगितलं. नवरा गेल्याची तार आली त्या वर्षी तिला ताप भरला होता. पाच दिवस चूल पेटली नव्हती. त्या पाच दिवसांत एक रविवार आला. सगळी माणसं तिच्या दारावरून मिस्सेला गेली आणि परत आली. शेवटी मागच्या घरातली घाडीण कसलंसं भांडं मागायला आली, म्हणून ती वाचली. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणाचा दोष नाही, म्हणाली, धुराकडे कोण बघतं?

“मी पाटी घेवन घराघरान फिरतंय. सकाळी खयच्या घरातसून धूर येता नि खयच्या नाय, ता माका दिसता. चूल पेटूक नाय म्हंजे थय कायतरी बिघडलेला आसा. आपण पाळी लावया. दोघा-दोघांनी फिरायचा. धूर नाय थय जावन नुसता इचारूचा – काय गो, बरा आसा मा? दारात खुरीस आसा काय तुळस, ता बघूचा नाय.”

मी लिहून घेतलं. लिहिता लिहिता पुस्तकी मराठीत केलं, वाक्यं नीट केली. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, तेव्हा ती हसली. म्हणाली, माझं बोलणं एवढं शिकलेलं आहे हे मला माहीत नव्हतं.

माझी स्वतःची सूचना काय होती, ठाऊक आहे? वेदीसाठी भरतकाम केलेलं नवं वस्त्र. शिंप्याच्या मुलीला दुसरं काय सुचणार – असं म्हणून मी आज हसू शकते. पण तेव्हा मी त्यावर खूश होते. पावलीन मावशीचा कागद लिहीपर्यंत.

बैठकीच्या दिवशी एकेकजण उठून वाचत होता. कुणाला गायकांसाठी पेटी हवी होती, कुणाला वाटेवरच्या खुरसाला, क्रुसाला, चुना. फादर मान हलवत होते. चांगलं आहे, म्हणत होते, पण त्यांचे डोळे थकले होते. मी सगळं टिपत होते. माझ्या मांडीवर दोन कागद होते. वरचा माझा, खालचा तिचा. आणि मला दिसत होतं – खरंच दिसत होतं – की खालचा कागद वाचला की हे डोळे उघडणार. कुणासाठी उघडणार? दारापाशी चटईवर बसलेल्या, लुगड्याला माशांचा वास असलेल्या बाईसाठी?

माझी पाळी आली. मी उठले. आणि खालचा कागद वर घेतला.

तो कागद मी उत्तम वाचला. ताप, पाच दिवस, दारावरून गेलेली माणसं – ‘वाडीतील एक स्त्री’ असं म्हणून तेही वाचलं. म्हाताऱ्या आचाऱ्यानं डोळे पुसले. फादर पुढं झुकले.

“अग्नेस बाई, हे तुम्हाला सुचलं?”

“हो, फादर.”

इथवर आले तरी परतायला वाट होती. दोन शब्दांची. पण फादरनी विचारलं, मावशींचं काय? आणि हातात एकच कागद उरला होता. तो मी तिच्या नावानं वाचला. “पावलीन मावशींना वाटतं, वेदीला भरतकामाचं नवं वस्त्र असावं.” दोघीतिघी मायेनं हसल्या. साधी बाई, साधी इच्छा, असंच सगळ्यांना वाटलं असणार. मी तिच्याकडे पाहिलं नाही. नाही – पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. रागानं नव्हे. ऐकायला कमी येणारं माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं, तशी. मग तिनं मान खाली घातली आणि पदर सारखा केला.

आमच्यात नियम होता – ज्याची सूचना, त्यानं ती पुढं न्यायची. त्यामुळे पाळीची प्रमुख मी झाले आणि वेदीचं वस्त्र पावलीन मावशीकडे गेलं. तिला साधा दोराही ओवता येत नव्हता. खारं पाणी आणि माशांचे काटे यांनी बोटं फुटलेली. पण सगळ्यांसमोर तिच्या नावानं ठरलं होतं. ती माझ्या वडिलांकडे टाके शिकायला येऊन बसायची. माझ्याच घरी, माझ्यासमोर. वडील म्हणायचे, हिच्या बोटांत सुई नाही, पण जिद्द आहे. त्या इस्टरला ते वस्त्र वेदीवर आलं. कडेचे टाके लहानमोठे, द्राक्षाचा वेल एका बाजूला कललेला. लोकांनी कौतुक केलं. मीही केलं.

आणि पाळी? ती फार चांगली चालली. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण ते खरं आहे. पहिली यादी लिहिताना मावशी आली आणि म्हणाली, माझंही नाव घाल. मी तिचं नाव पाचव्या ओळीत घातलं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असायच्या, पुरुष मुंबईला नाहीतर बोटीवर, घराघरात बायकाच. त्या दिवसांत आम्ही किती दारं ठोठावली! एकदा घाड्यांची सून दोन दिवस बाळंतपणात अडून पडली होती, घरात सासू आंधळी. मावशीला धूर दिसला नाही, ती आत गेली आणि तिनं गाडी जुंपायला लावली. मालवणच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोघी वाचल्या. घाड्यांनी इगर्जीच्या सणाला, फेस्ताला, केळीचा घड पाठवला. फादरनी प्रवचनात माझं नाव घेतलं. पुढं दुसऱ्या गावांतही पाळ्या सुरू झाल्या. पत्रं यायची – ‘अग्नेस बाईंच्या पद्धतीनं.’

कुमसाराला मी जात होते. दर महिन्याला. “मी खोटं बोलले” एवढंच म्हणायचे. रागावले, आळस केला, खोटं बोलले, अशा ओळीत ते बसवायचे. प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया म्हणायला मिळायच्या. मी त्या मनापासून म्हणायचे. यापेक्षा सफाईनं कुणी काही लपवू शकेल का?

एकदा सांगायला गेले होते. बैठकीला आठेक वर्षं झाली असतील, मिस्सा तोवर लॅटिनमधून आपल्या भाषेत यायला लागली होती. आम्ही दोघी पाळीवर होतो. सकाळचं ऊन, भातखाचरांचा बांध, ती पुढं, मी मागं. तिची पाठ दिसत होती म्हणून धीर आला.

“मावशी, त्या दिवशी बैठकीत मी...”

ती थांबली. वळली नाही. मग तिनं हात लांब करून माडांपलीकडे दाखवलं.

“बघ गो, वरच्या आळयेत धूर नाय. चल.”

ती चालू लागली. तिनं मला वाचवलं की अडवलं? मला कळलं नाही. पण मला काय वाटलं, ते पक्कं आठवतं – सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी पुन्हा बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर ती तीन वर्षं होती.

ती गेली तेव्हा इगर्ज भरली होती. निम्मी माणसं हिंदू, दाराबाहेर उभी. मंडळातर्फे दोन शब्द बोलायला मला सांगितलं. मी म्हणाले, पावलीन मावशींचं मन साधं होतं, देवाच्या वेदीला एक वस्त्र असावं एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरी केली. लोक रडले. तिच्या शवपेटीपासून मी चार हातांवर उभी होते. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा घाईत बोलले, असं म्हणता येईल. हे मी आदल्या दिवशी लिहून काढलं होतं.

गेल्या महिन्यात लुईझा आली होती. आईला जाऊन महिना झाला, त्याची मिस्सा सांगायला वेंगुर्ल्याहून मुद्दाम आली, मग माझ्याकडे येऊन बसली. माझे हात हातात घेऊन म्हणाली, आई तुमचं नाव नेहमी काढायची. काय म्हणायची, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मी तिला चहा दिला, पोहे केले, मुलांची चौकशी केली. एसटीपर्यंत पोचवायला गेले. ती खिडकीतून हात हलवत होती. मीही हलवला.

हे मला रोज टोचत होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते आणखी एक खोटं होईल. माझी शाळा बरी चालली, माणसांनी माया केली, वाडीत मान मिळाला. मी सुखात जगले. अजूनही सकाळी यादी हातात घेऊन बाहेर पडते तेव्हा मन प्रसन्न असतं.

पाळी मला सुचली नव्हती. पावलीन मावशीला सुचली होती. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं. आणि आता तुम्हाला.