तमाम म्हणजे कोण?

"तमाम म्हंजे गाव. तू गावात कवापासून राह्यली?"

पाटील हे बोलला आणि आडाजवळची सगळी माणसं हसली. खुर्चीवर तहसीलदार बसला होता. नाकाला अत्तराचा रुमाल. पाटलानं त्याला माझं बोलणं उर्दूत सांगितलं, तेव्हा तोही हसला. वाईट हसला नाही. लहान लेकरू काही खुळ्यासारखं बोललं की मोठी माणसं हसतात तसा हसला. त्याचाच राग मला जास्त आला. मी रिकामी घागर कमरेवर घेऊन उन्हात उभी होते आणि घरी माझी माय पाणी पाणी करत होती.

मी काय चुकीचं बोलले होते? सरकारचा हुकूम होता, तोच बोलले होते.

लढाईचा काळ होता. साऱ्या मोगलाईत त्या उन्हाळ्यात पटकीची साथ पसरली होती. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य, आमच्याकडे सगळे तसंच म्हणायचे. उलट्या, जुलाब, हातापायांत गोळे. सकाळी चालतंबोलतं माणूस दिवस मावळायच्या आत जायचं. मी जालन्याला मस्तगडात नांदत होते, नवरा कापसाच्या जिनात कामाला होता. माय पडून आहे असा सांगावा आला तशी मी उठले आणि माहेरी आले. माहेर हसनाबादच्या पलीकडं, नदीकाठचं गाव. आमची घरं अर्थातच गावकुसाबाहेर.

माझा बाप गावाची दवंडी द्यायचा. हुकूम उर्दूत यायचा. चावडीवरचा चपराशी त्याची मोडकीतोडकी मराठी करून बापाकडून पाठ करून घ्यायचा. बापाला त्यातले निम्मे शब्द कळायचे नाहीत, पण त्याच्या तोंडात एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही. त्याचा त्याला अभिमान होता. मी आले त्या दिवशी तो हलगी वाजवत गावभर ओरडत फिरत होता.

"ऐका होऽऽ! सरकारचा हुकूम हाये! तमाम रयतेनं दवा घातलेल्या आडाचंच पाणी प्यावं होऽ! नदीचं, झऱ्याचं पाणी बिलकुल पिऊ नये होऽ!"

तो घरी आल्यावर मी विचारलं, "बा, तमाम म्हंजे?"

"समदे. एकूण एक."

"आपुन बी?"

बापानं हलगी खुंटीला अडकवली. "हुकमात तर तसंच हाये, बाई."

आम्ही पीत होतो तो नदीच्या वाळूतला झरा. लाल दवा घेऊन आलेली माणसं झऱ्यापर्यंत आलीच नाहीत. गावाच्या आडात दवा पडली आणि आडाला तर आमचा हात लागायचा नाही. आडापासून लांब काही दगड टाकलेले होते. तिथं घागर ठेवून बसायचं. कोणाला दया आली तर तो वरून धार धरायचा. त्याला आम्ही 'पाणी वाढणं' म्हणायचो. 'पाणी वाढा वो माय' असं ओरडत आमच्या बायकांचा जन्म गेला.

चपराशी बापाला सांगून गेला होता की रोग पाण्यात आहे, आजाऱ्याला दवेचंच पाणी पाजा. म्हणून तहसीलदार साहेब दवा बघायला आडावर आला त्या दिवशी मी दगडांवर बसले नाही. दगड ओलांडले आणि थेट साहेबापुढं गेले. म्हणाले, "साहेब, तमाम रयतेत आमी बी आलो. माय लई बीमार हाये. मला पानी शेंदू द्या."

त्यावर ते हसणं.

मग साहेबाला दया आली. खरंच आली, मी खोटं कशाला सांगू? त्याचे डोळे भरून आले. "बेचारी," म्हणाला. पाटलाकडं वळून म्हणाला, "इन लोगों पर रहम करो. पानी दिला दो."

"जी, सरकार," पाटील म्हणाला. त्याच्या गड्यानं माझ्या घागरीत लांबून पाणी ओतलं. निम्मं मातीत गेलं. साहेब पाटलाच्या घरी जेवायला गेला, जेवून बैलांच्या दमणीत बसला आणि भोकरदनला निघून गेला. माय त्या दिवशी ते पाणी प्याली. रात्रीतून तिची उलटी थांबली. मला वाटलं, आता वाचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाया दगडांवर बसलो. कोणी आलं नाही. गावानं दारं लावून घेतली होती. आम्ही ओरडून राह्यलो, "पाणी वाढा वो माय!" ऊन चढलं तेव्हा पाटलाचा गडी आला.

"मालक न्हाई म्हणले. तुमच्यात मरी हाये."

"काल साहेबानं सांगितलं न्हाई का?"

"साहेब गेला की," तो म्हणाला.

आड समोर होता. दोर होता, पोहरा होता, पाण्यात दवा होती. आणि मी उठले नाही, कारण न विचारता उठून घ्यायचं असतं हेच मला कोणी शिकवलं नव्हतं. मी झऱ्यावर गेले. वाटी वाटीनं घागर भरली. माय पेला तोंडाला लावून थांबली. "लाल न्हाई हे," म्हणाली. तहान तिच्यापेक्षा मोठी होती. ती प्याली आणि दुसऱ्या दिवशी गेली.

रडायला कोणी सांगितलं होतं त्या साहेबाला? त्याचे अश्रू घेऊन मी काय करू? खुर्चीवरून उठायचं होतं आणि आडापर्यंत यायचं होतं. साऱ्या गावादेखत दोर माझ्या हातात द्यायचा होता. त्याच्याबरोबर शिपाई होते, त्यातला एक आडावर बसवून जायचं होतं. सरकारला दया येते म्हणजे सरकारनं एवढं करायचं असतं. त्यानं आमचं पाणी पाटलाच्या मर्जीवर सोडलं आणि स्वतःला दयाळू समजून जेवायला गेला. पाटलाची दया आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. तीच मागायची तर सरकार कशाला पाहिजे?

साथ ओसरली. साहेब परत आला. नवा हुकूम घेऊन चपराशी घरी आला आणि बाप ओट्यावर बसून तो हळू आवाजात घोकू लागला. "सरकारच्या मेहेरबानीनं मरी हटली होऽ. तमाम रयत सलामत हाये होऽ." एवढं म्हणून तो थांबला. परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तिथंच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप दवंडी विसरत होता.

मी हलगीवर हात ठेवला. "हे न्हाई वाजवायचं, बा."

"बलुतं बंद करतेन, बाई. खाताल काय?"

"माय रयत न्हवती का?"

मग त्यानं हलगी माझ्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडं केलं. मी एका हातात हलगी, कमरेवर घागर घेऊन चावडीवर गेले. हलगी साहेबाच्या पायाशी ठेवली.

"साहेब, तमाम म्हंजे गाव, असं ठरलं ना तुमच्यापुढं? मंग गावाची सलामती गावानं पुकारावी. आमचं माणूस मेलंय. आमी न्हाई पुकारत."

चपराशानं ते उर्दूत सांगितल्यावर साहेबाला फार वाईट वाटलं. "हमने तुम लोगों के लिए कितना किया," म्हणाला. पाटील काठी शोधू लागला. मी तिथून निघाले ती आडावर गेले. भर दुपारी. दगड ओलांडले, पोहरा सोडला आणि शेंदलं. घागर भरली, डोक्यावर घेतली. काठी पाठीत बसली तेव्हा घागर फुटली, पण तोवर मी ओंजळभर पाणी प्याले होते.

बलुतं बंद झालं. आड बाटला म्हणून उपसला, ही बातमी मागाहून कळली. मी बापाला मस्तगडात घेऊन आले. जिनात सरकी उचलून पोट भरलं. हलगी त्यानं संगं आणली होती.

निजाम गेला. नवं सरकार आलं. परवा दारात नवा साहेब उभा होता. पांढरी टोपी, गोड मराठी. कुठल्याशा मदतीची दवंडी द्यायला त्याला माणूस पाहिजे होता. म्हणाला, "सर्व जनतेला कळवायचं आहे, बाई. आता सरकार आपलं आहे."

"सर्व म्हंजे कोण, साहेब?"

तो हसला. "सर्व म्हणजे सर्व!"

"मंग चला माझ्या माहेरच्या आडावर. तिथं दोर माझ्या हातात द्या. मी सोता वाजवते हलगी."

तो घड्याळ बघू लागला. मग म्हणाला, "पुढं बघू." मी हलगी त्याच्यासमोर खुंटीला अडकवली. आडावर येणारा साहेब भेटेपर्यंत ती तिथंच राहील. कोणत्याही सरकारची दया माझ्या घरातून पुकारली जाणार नाही.