अर्धा ग्लास चहा

कुणाचीही गाडी बघायला आले, की समोरच्या घरातले काका आधी चहा मागवत. प्यायला नव्हे. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला हाक जायची, “भैया, एक चाय, ग्लास में, आधी.” मग बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, तो अर्धा ग्लास इंजिनाच्या सपाट झाकणावर ठेवायचा आणि कमरेवर हात ठेवून, चहा किती हलतो ते वाकून बघायचं. “आपण कशाला बोलायचं? चहाला विचारू या.”

लखनौच्या विकास नगरमध्ये आमच्यासमोरचं घर त्यांचं. मूळचे अमरावतीचे, रेल्वेच्या डिझेल शेडमधून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर सोळा सिलिंडरांच्या इंजिनांशी झुंजलेल्या माणसाला आमच्या मोटारी म्हणजे खेळणीच वाटायच्या. तरी गल्लीतली एकही मोटार त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय विकत घेतली जात नसे. मी वनस्पतींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून मला ते ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत आणि माझ्या अडाणीपणावर मनापासून खूश असत.

त्यांनीच मला शिकवलं. चार सिलिंडरांच्या इंजिनात एकाचा जोर संपतो तेव्हा दुसऱ्याचा लागतो, त्या सांध्यावर इंजिन दचकतं. सहामध्ये पहिल्याचा जोर संपायच्या आत दुसरा खांदा लावतो, म्हणून ते गुपचूप चालतं. आठाची गोष्ट निघाली की हात झटकायचे. “अच्छा, हिशोब सोपा आहे. चार पोटासाठी, सहा सुखासाठी, आठ मिरवायला. आपल्याला चार पुरेत.” हे ‘चार पुरेत’ ते जेवताना पोळ्यांनाही म्हणत आणि पाचवी घेत.

पण माझी सहाची जुनी चटक त्यांनीच पुन्हा जागवली होती, हे लक्षात घ्या. आयुष्यात मी हौस अशी फारशी केली नाही. कॉलेजात असताना एकदा कुणाच्या तरी सहा सिलिंडरांच्या गाडीत बसले होते, आणि गाडी सुरू आहे की बंद हे मला कळलं नव्हतं. ते न कळणं मी पंचवीस वर्षं जपून ठेवलं होतं. लखनौच्याच महानगर भागात एका वृद्ध बाईंकडे तशी जुनी पेट्रोल गाडी विकायची आहे, असं कळलं तेव्हा मी पहिल्यांदा धावले ती त्यांच्याकडे.

ते आले. बॉनेट उघडलं. त्या घरी टपरीची गरज पडली नाही, बाईंनी आतूनच चहा पाठवला. कागद दाखवायला त्यांनी मला दिवाणखान्यात बोलावलं, “बेटा, पहले आप बैठिए तो सही.” शेवयांची वाटी संपवून मी बाहेर आले, तर ग्लासातला चहा काठापर्यंत हेलकावत होता. ते मान हलवत उभे होते. एक सिलिंडर आजारी आहे, म्हणाले, आणि सहातला एक आजारी पडला की उरलेले पाच त्याच्या सेवेतच मरतात. सोडून द्या.

मी सोडून दिली. परतताना त्यांच्या चार सिलिंडरांच्या डिझेल गाडीत खडखडत बसले आणि जरा रडलेही. त्यांनी माझ्याकडे न बघता काच वर केली.

तीन आठवड्यांनी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर तीच गाडी समोर त्यांच्या पोर्चमध्ये. बॉनेट उघडं, इंजिन चालू, वर अर्धा ग्लास चहा. मी फाटक ओलांडून गेले. चहा इतका स्थिर होता की त्यात वरचा पंखा दिसत होता.

मी विचारलं, सिलिंडर इतक्यात बरा कसा झाला?

थाप मारायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. फडक्याला हात पुसत राहिले. “प्लगची एक तार मी काढून ठेवली होती. तुम्ही आत होतात तेव्हा.”

“माझ्याकडे मागितली का नाही?”

“मागायला जीभ रेटेना, डॉक्टरीणबाई. हात मात्र गेला.”

कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. दर आठवड्याला त्यांना तेलीबागेच्या पलीकडे इस्पितळात न्यावं लागे. पाठीशी दोन उशा घेऊन, ओठ दाबून त्या डिझेल गाडीत बसायच्या, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं होतं. सिग्नलला गाडी नुसती उभी राहिली तरी त्यांना कळा यायच्या. काकांनी एका शब्दाने सांगितलं असतं तर मी ती गाडी त्यांच्या दारात स्वतः आणून लावली असती. निदान मला तसं वाटतं. ते खरं की खोटं, हे कळायची संधीच त्यांनी मला ठेवली नाही. राग गाडीचा नव्हताच. ज्या चहावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यालाच त्यांनी माझ्याशी खोटं बोलायला लावलं.

मी बोलणं बंद केलं. गल्ली दहा पावलांची, त्यामुळे अबोला धरायलाही कष्ट पडतात. ते मला पाहून ग्लास उचलल्यासारखा हात करायचे, मी कुंड्यांकडे बघायचे.

मग संक्रांतीला काकू स्वतः चालत आल्या. काठी न घेता. तिळगूळ हातावर ठेवून त्यांनी माझा हात सोडलाच नाही. “तुमची आवडती गाडी तुम्ही माझ्यासाठी सोडलीत, यांनी सगळं सांगितलं. म्हणाले, त्या स्वतःहून म्हणाल्या, काकूंसाठी न्या. अहो, सख्खी लेक करत नाही हो इतकं.”

बघा काकांची करामत. आधी गाडी नेली, आता माझा रागही नेला. मला न विचारता मला उदार करून टाकलं होतं. काकूंच्या खांद्यावरून ते मला समोरच्या फाटकात उभे दिसले. मान खाली होती. मी काकूंना म्हटलं, त्यात काय एवढं. त्या दिवसापासून त्यांच्या खोट्यात मी निम्मी भागीदार झाले.

मागच्या थंडीत ते गेले. पेपर वाचता वाचता, कुणाला काही कळू न देता. आमचं बोलणं तोवर ‘नमस्कार’ आणि ‘थंडी फार आहे’ इथवरच आलं होतं. मी एकदा सगळं स्पष्ट बोलणार होते. वाक्यंसुद्धा तयार होती.

महिन्याभराने काकू अमरावतीला लेकीकडे जायला निघाल्या. निघायच्या आदल्या दिवशी आल्या आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. “तुमचीच होती. यांनी सांगून ठेवलं होतं, माझं काम झालं की ही त्यांची त्यांना द्यायची.”

पंचवीस वर्षांची हौस माझ्या मुठीत होती. तयार वाक्यंही तोंडाशी आली. पण घेतली असती तर त्या उदार बाईला गाडी परत मिळाली असती, फसवलेल्या बाईला नाही. आणि फसवलेली बाई काकूंना ठाऊकच नव्हती. मी किल्ली त्यांच्या पर्समध्ये सरकवली.

“राहू द्या काकू. गाडीतूनच जा, पाठीला बरं पडेल. मला चार पुरेत.”

काकू हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरले. “अगदी यांच्यासारखं बोललात.”

दुसऱ्या दिवशी जावयाने गाडी काढली. सुरू झाली की नाही, हे मला फाटकातून कळलं नाही. ती वळणापार गेल्यावर मी माझ्या चार सिलिंडरांच्या गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि टपरीवरून अर्धा ग्लास चहा मागवून वर ठेवला. चहा थरथरत होता. माझ्या गाडीच्या कुठल्याच तारेला कुणी हात लावलेला नव्हता.