बोट लागलेलं चित्र

ओलं फडकं घेऊन मालकांनी स्वतःच्या वडिलांचा गाल पुसला. कागदावरचा गाल. मी काढलेला.

मालकांच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा फोटो मोबाईलमधला एकच, तोही मोठा केला की फुटायचा. आमच्या बेंबळी गावात पेन्सिलीनं माणूस काढणारी मीच. कॉलेजात होते, मोबाईलवर बघून बघून शिकलेली. आई मालकांच्या शेतात खुरपायची, तिच्याकडंच त्यांनी निरोप धाडला. वर्षश्राद्धाला चित्र देवघराशेजारी लावायचं होतं.

आठ दिवस राबले. आधी फिकट रेघांनी चेहरा मांडला. उजेड डावीकडून धरला. मग मऊ पेन्सिलीनं उजवा गाल, मानेखालचा अंधार. सावलीची कड करकरीत राहिली की माणूस दगडाचा दिसतो. म्हणून बोटानं घासत गेले, हलक्या हातानं, आणि अण्णा जिवंत व्हायला लागले. स्वतःचाच अभिमान वाटला होता मला.

चित्र घेऊन आम्ही मायलेकी गेलो. आम्हाला उभं केलं पायरीखालीच. पण मालकीणबाई खूश.

"गाल कसा गं इतका मऊ केलास?"

"बोटानं घासला, बाई."

खरं सांगितलं. एवढीच माझी चूक.

त्यांनी चटकन चित्र खाली ठेवलं, हात पदराला पुसले. मालक म्हणाले, "देवापाशी लावायचंय ते. तुझं बोट कशाला लावलंस?" आणि फडकं मागवलं. माझं बोट पुसायला गेले आणि बापाचा अर्धा चेहरा गेला. कागदावर काळा चिखल. एक डोळा तेवढा राहिला, बघत.

आई म्हणाली, "चुकलं पोरीचं, मालक. परत काढंल ती."

"काढू दे. काडीला कापूस गुंडाळून घास म्हणावं. बोट न्हाय लावायचं."

आईची मान खाली. ती मान मला सहन झाली नाही.

"न्हाय काढणार," मी म्हणाले. आवाज फाटला, पण म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आईचं काम बंद. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

तो डोळा मात्र पिच्छा सोडत नाही. कुणाचाही गाल घासायला घेतला की कागदातून तोच वर येतो. बोट थबकतं. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? मग आणखी जोरात घासते.

आता दर रविवारी वस्तीतल्या पोरींना शिकवते. पेन्सिल कशी धरायची, उजेड कुठून येतो. सावलीपाशी आल्या की त्या कापूस मागतात, व्हिडिओत बघितलेलं असतं. मी देत नाही. "बोट लाव," म्हणते.

आणि माझं चित्र पुरं झालं की सहीच्या जागी तेच काळं बोट दाबते. ज्याला चित्र हवं, त्यानं ते बोटासकट न्यावं. नाहीतर आपली भिंत कोरी ठेवावी.