मोठेबाबा ज्या ताटात हात धुवायचे

दादाचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. सुरतला एका खानावळीत मी पोळ्या लाटते, आणि रविवारी दुपारी तिथं मान वर करायलाही सवड नसते. कोपरानं बटण दाबून मी फोन ओट्यावरच ठेवला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, मोठेबाबांचा मुलगा. "बाबा गेले," तो म्हणाला. "जेवून राह्यले होते. दोन घास खाल्ले न मान टाकली..." नेमका त्याच वेळी माझ्या मागून उष्ट्या ताटांचा टब चालला होता. वरच्या ताटात कुणीतरी डाळीत बिडी विझवली होती. ती डाळ, ती काळी राख आणि "बाबा गेले" हे सगळं एकदमच आत शिरलं, आणि मी नळाकडे धावले. सोबतच्या बायांना वाटलं, दुःखानं पोट ढवळलं. मी तसंच वाटू दिलं.

दीड महिना झाला त्याला. मी नववीत शाळा सोडलेली बाई, असं काही लिहायची सवय नाही. पण तेरवीला मोठेबाबांबद्दल जे जे चांगलं बोललं गेलं त्यात ताटाचं कुणीच बोललं नाही, आणि मला तर ताटाशिवाय ते आठवतच नाहीत.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे या गावी त्यांचं किराण्याचं दुकान. अल्लीपूरच्या पलीकडे आमचं लहानसं खेडं, तिथं शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला बाबांनी मला पत्र्याच्या पेटीसकट मोठेबाबांच्या दारात आणून सोडलं आणि म्हणाले, "पोरगी शिकाले आली तुमच्याकडं." मोठेबाबा म्हणाले, "शिकाले आली म्हणू नको. घरी आली म्हण." हे वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. मुदतीच्या तापात मी पडले तेव्हा ते दुकान बंद ठेवून उशाशी बसले, कपाळावरची पट्टी स्वतः बदलली. शाळेच्या चपला दरवर्षी नव्या. मी या माणसाचं अन्न खाल्लं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणेल. अधूनमधून मी स्वतःच स्वतःला म्हणते.

रविवारी दुकान दुपारी बंद व्हायचं. बाकी सहा दिवस ते गल्ल्यावर बसूनच डबा खायचे, त्यामुळं रविवारचं जेवण म्हणजे घरात सणच. सकाळी वांगी, शेवग्याच्या शेंगा स्वतः निवडून आणायचे. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर स्वतः भाजायचे, मोठ्याईला, म्हणजे माझ्या मोठ्या काकूला, हात लावू द्यायचे नाहीत. "तुही आई कांदा जाळते," असं दादाला ऐकवायचे, आणि मोठ्याई आतून म्हणायची, "हो, सहा दिवस जळकंच खाता न तुमी, म्हणून तर पोट सुटलं." मग ती बेसनाच्या पाटवड्या थापायची, रश्श्यावर बोटभर तर्री यायची, सोबत शेंगांचं वरण, भात, ज्वारीची भाकर आणि लिंबू. आम्ही ओळीनं बसायचो, आणि मी बसेपर्यंत मोठेबाबा घास उचलत नसत. "वैशू कुठं आहे? पोर बसली का?" पोरीसाठी कर्त्या माणसानं हात आवरून धरावा, असं मी तरी दुसऱ्या घरात पाहिलं नाही. आपल्या ताटातली सगळ्यात मऊ पाटवडी ते माझ्या ताटात टाकायचे.

आणि मग जेवण संपायचं.

ते पाटावरून उठत नसत. उजवा हात ताटावर धरायचे आणि डाव्या हातानं तांब्या वाकडा करायचे. पाणी बोटांवरून ताटात पडायचं. आधी तर्री वर यायची, लाल तवंग. मग भाताची शितं, लिंबाची साल, शेंगांचा चावून टाकलेला चोथा, सगळं हळूहळू गोल फिरायला लागायचं. बोटावर बोट चोळून ते नखांतलं बेसन काढायचे. मग तोंडात पाणी, गाल फुगवून खळखळ, आणि ती चूळ... त्याच ताटात. शेवटी मिशी पुसायची, ढेकर द्यायचा आणि ताट पुढं सरकवायचं. काशाचं जाड ताट, काठ उंच, म्हणून पाणीही भरपूर मावायचं. ते उचलून मोरीत नेणं माझं काम. कसं न्यायचं ते मोठ्याईनं शिकवलं होतं. दोन्ही हातांनी धरायचं, पाय उचलायचे नाहीत, घसटत न्यायचे, श्वास धरायचा. "नाकानं नको पाहू, डोयानं पाह्य," ती म्हणायची. पाहुणे आले की अशी पाच-सहा ताटं. एका पाहुण्यानं त्यात सुपारी थुंकलेलीही मी नेली आहे. एकदा माझा अंगठा पाण्यात बुडाला. पाणी कोमट होतं. ते रश्श्यानं कोमट झालं की तोंडातल्या चुळीनं, हा विचार मनात आला आणि मी मोरीतच ओकले. मोठ्याईनं पाठ चोळली. "होते सवय," म्हणाली. त्या क्षणी मला तिची दया यायला हवी होती. मला तिचीही किळस आली. ज्याची सवय व्हायला नको त्याची तिला झाली होती. माझी ओकारी मात्र पुढंही थांबली नाही.

एकदा धीर करून मी मोठेबाबांना विचारलं, काऊन ताटात धुता. ते रागावले नाहीत. "माह्या बापानं धुतले, त्याच्या बापानं धुतले. जेवल्या जागी हात धुते थो घरचा माणूस. उठून बाहेर जाते थो पाहुणा."

मी नववीत होते तेव्हा मोठ्याईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मी महिनाभर शाळेत न जाता घरी राहायचं, असं ठरलं. शाळेतल्या बाई दोनदा चौकशीला आल्या. दोन्ही वेळा मोठेबाबा म्हणाले, "पाठवतो न," आणि पाठवायचं त्यांच्या खरंच मनात होतं. पण रोज डबा करायला मीच होते, आणि रविवारी भरलेलं ताट उचलायलाही मीच. महिन्याचं वर्ष झालं. शाळा सोडायचं कुणी ठरवलं नाही. मीही नाही. शिकायला म्हणून ज्या घरी आले, त्याच घरात माझी शाळा अशी बिनबोभाट गेली.

लग्नही मोठेबाबांनीच लावून दिलं. मी सुरतला आले. पुढं आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं तेव्हा मी यांना म्हटलं, कपाट नको, खाटेचं नंतर पाहू, आधी बेसिन बसवा. आमच्याकडं ज्यानं त्यानं आपलं ताट उचलायचं, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. ते घर पाहायला मोठेबाबा आणि मोठ्याई आले. पिशवीत बेसन, खोबरं आणि ते काशाचं ताट. "दुसऱ्या ताटात यायले भूकच नाई लागत," मोठ्याई म्हणाली. रविवार होता. मोठेबाबांनी माझ्या गॅसवर कांदा भाजला, मी बसेपर्यंत थांबले, मऊ पाटवडी माझ्या ताटात टाकली. सगळं तसंच. मग उजवा हात ताटावर धरून म्हणाले, "पाणी घाल वं वैशू."

"मोठेबाबा, माह्या घरी ताटात हात नाई धुवत. तिथं बेसिन आहे."

आवाज चढवला नव्हता मी. पण इतकी वर्षं ते वाक्य तोंडात घोळत होतं, ते निघालंच. यांनी माझ्याकडं डोळे वटारले. "असू द्या, बाबा. मी उचलतो ताट," म्हणाले. मी म्हटलं, "नाही." मोठेबाबांचा हात तसाच हवेत. बोटांवरची तर्री वाळायला लागली होती. मग जमिनीला डावा हात टेकून ते उठले. बेसिनचा नळ कसा फिरतो ते त्यांना कळेना, आणि मी मदतीला गेले नाही. आरशात पाहत ते म्हणाले, "म्हणजे मी पाहुणा झालो म्हण न." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं गेले.

त्यानंतर ते माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. दादानं मात्र विचारलं, "बाबाले उष्ट्या हातानं उठवलं म्हणे तू? तुले कोनं वाढवलं, इसरली का?" मी विसरले नव्हते, तोच तर त्रास होता. पुढं कधीतरी मोठ्याईचा फोन आला. "तुह्या घरून आल्यापासून यायनं नवीनच काढलं. हात ताटातच धुतात, पण ताट मले उचलू देत नाईत. सोताच नेतात मोरीत. अर्धं पाणी घरभर. पयले मले ताट उचला लागे, आता फरशी पुसा लागते. तुह्यापायी माहं काम वाढलं वं." आम्ही दोघी खूप हसलो. फोन ठेवला आणि ती घरभर सांडलेली तर्री, त्यातली शितं डोळ्यांपुढं आली. हसू तिथंच आटलं.

या उन्हाळ्यात त्याच पाण्यावरून मोठेबाबा घसरले. ताट हातात होतं. खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. दादा फोनवर एवढंच म्हणाला, "झालं तुहं समाधान?"

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का, हे पाहायला जिन्यावरून परत जाणारी. त्या दिवसापासून तेच तेच मनात फिरायचं. मी बोलले नसते तर ते ताट मोठ्याईनं उचललं असतं आणि मोठेबाबा आज चालत असते. पुढच्याच क्षणी वाटायचं, मग घसरायची पाळी तिची होती. असं उलटसुलट होत होत मी ठरवलं, जाऊन माफी मागायची. खानावळीतून आठ दिवसांची सुट्टी घेतली आणि सिंदीला गेले.

मधल्या खोलीत त्यांची खाट होती. मी आल्याचं त्यांनी पाहिलं, पण बोलले ते रविवारीच, तेही कांद्यावरून. "वैशू, जळू देऊ नको. कडेनं फिरव." उशांना टेकवून बसवलं, समोर स्टुलावर ते ताट. भरवू दिलं नाही, स्वतःच जेवले. जेवण झालं. मोठ्याई मागं अंगणात होती. त्यांनी हात ताटावर धरला नाही, बाजूला, खाटेच्या बाहेर धरला. मी तांब्या आणला तर म्हणाले, "राहू दे. फडकं ओलं करून दे. तुले ओकारी येते."

मी तांब्या घेऊनच फडक्यासाठी वळले.

"लहानपणीबी येत होती न. मोरीतला आवाज मले पाटावर ऐकू ये."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून. मी आत ओकत होते आणि ते इकडं मिशी पुसत होते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा ताट पुढं सरकवत होते. माझ्या जिभेवर आलेली माफी तिथूनच परत गेली. "मंग काऊन धुवत होते ताटात?" मी विचारलं.

त्यांनी छताकडं पाहिलं. "तू उचलत होती न," म्हणाले.

एवढंच. त्यात लबाडी नव्हती, पश्चात्तापही नव्हता. खरं तेवढं सांगितलं. मला इतकी किळस आली की तांब्या आपटून निघून जावं वाटलं. त्यांचा हात अजून हवेतच होता, कातडी लोंबलेली, नखांत बेसन. याच हातानं पट्टी बदलली होती. मी तो हात धरून ताटावर आणला. "धुवा इथंच. पाहुणे नाई न तुमी." पाणी घातलं. तर्री वर आली, शितं फिरायला लागली. चूळ त्यांना नीट भरता येईना, हनुवटीवरून ओघळली, ती मी पुसली. सवय झाली नाही मला. प्रेमानं किळस जाते असं कुणी म्हणत असेल तर माझी गेली नाही. तशीच श्वास धरून मी ताट उचललं, तर मागून म्हणाले, "पाय जपून टाकजो. फरशी ओली असन."

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं नव्हे, आणखी दोन दिवस होते मी. पण मला तेच शेवटचं वाटतं.

तेरवीला मांडव टाकला होता. खणांची प्लास्टिकची ताटं, आणि जेवण झाल्यावर निम्मे पुरुष पेल्यातलं पाणी त्या खणांत ओतून हात धुवत होते. भाजीच्या खणात पाणी, बुंदीच्या खणात चूळ. वर भिंतीवर मोठेबाबांचा हार घातलेला फोटो आणि खाली पंगतीत जो तो म्हणत होता, "देवमाणूस होता." कुणाच्या तोंडात तेव्हाही पाणी होतं. दादानं पेला उचलला, माझ्याकडं पाहिलं. मीही नजर काढली नाही. त्यानं पाणी ओतलं, अगदी बापासारखीच बोटं चोळली आणि ताट पुढं सरकवलं. भिंतीशी बसलेली मोठ्याई सवयीनं अर्धी उठली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, ती बसली. पंगत उठली तरी ते ताट तिथंच होतं, माशा बसलेलं. पुढं कुणी उचललं ते मी पाहिलं नाही.

निघताना मोठ्याईनं काशाचं ताट जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं. "ने तू. जन्मभर उचललं, पण एकदाबी त्यात जेवली नाई मी. आता काय जेवतो."

तीन-चार आठवडे ते गुंडाळलेलंच होतं. परवा रविवारी मी खानावळीत गेले नाही. कांदा-खोबरं भाजलं, थोडं जळलंच. पाटवड्या थापल्या. ताट काढून चिंचेनं घासलं आणि त्यात मी जेवले, शेवटच्या शितापर्यंत निपटून. उठून बेसिनवर हात धुतले, पुसले. मग ताट उचलून मोरीकडे निघाले. अर्ध्या वाटेत यांनी विचारलं, "अशी काय चालतेस? पाय दुखतो का?" मी थांबले. खाली पाहिलं. ताट कोरडं ठणठणीत होतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, पाय घसटत, श्वास धरून, नजर काठावर... एक थेंब सांडू नये म्हणून.