पाडव्याला रंगवलेली शिंगं

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. मी निवृत्त झालो, राग झाला नाही.

दिवाळी नुकतीच सरली होती. आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, करावे गावातल्या एका कोळ्याने खाडीत चितळ मारलंय. आम्ही गेलो तर खरंच त्याच्या होडीत मेलेलं हरीण, पाय जाळ्यात गुरफटलेले. जाळं जप्त, माणूस कोठडीत. शिकारीचं कलम लागलं की कित्येक वर्षं आत. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "साहेब, उलव्याच्या बाजूला चिखलात रुतलं होतं. जाळं टाकून वर काढलं, तवर जीव गेला त्याचा. मारलं नाय."

असं सगळेच म्हणतात. पण पंचनाम्यात दोन गोष्टी खटकल्या. शिंगं टोकाला पंजासारखी पसरट होती आणि बुडाशी लाल ऑइलपेंट होता. वनखात्याच्या अधिकाऱ्याने बघताच सांगितलं, हे चितळ नव्हे. परदेशी फॅलो हरीण, आपल्या जंगलात नसतंच. म्हणजे कुणाच्या तरी हौसेचं.

उलव्याचा खाडीकाठ पालथा घातला. एका बिल्डरच्या फार्महाऊसचं कुंपण तुटलेलं होतं. मालक मूळचा शेतकरी, जमिनी विकून मोठा झालेला. कसलं हरीण, म्हणाला, आणि वर माझ्या साहेबांशी असलेली ओळख ऐकवली.

मी हरणाचा विषयच सोडला. पाडव्याला जनावरं रंगवता का अजून, असं सहज विचारलं. छाती फुगली त्याची. "म्हणजे काय! आजोबांपासूनची रीत आहे. दाराशी जनावर असलं की शिंगं रंगलीच पाहिजेत. यंदाही रंगवली."

"बैल कुठे आहेत?"

गोठ्यात दोन गाड्या उभ्या होत्या. मग तो सगळं ओकला. हरणं बिनकागदांची. फटाक्यांना बुजून एक पळालं. शोधायला गेलेल्या त्याच्या माणसांनी कोळ्याला ते ओढताना पाहिलं, आणि आपलं नाव निघू नये म्हणून फोन यानेच करवला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मिरवायला आणलेलं मुकं जनावर गेलं, आणि त्यापायी एक गरीब तुरुंगात सडला असता. या माणसाला त्याचं काही नव्हतं.

गुन्ह्याबद्दल विचारलं की माणूस सावध होतो, मोठेपणाबद्दल विचारलं की बोलत सुटतो. हे या केसने शिकवलं. दुसरं शिकवलं ते अजून गिळवत नाही. कलमं जामिनाची होती, बिल्डर त्याच संध्याकाळी घरी गेला. कोळ्याला सोडताना मी चहा मागवला.

"चहा नको साहेब. जाळं द्या, उद्या खाडीवर जायचंय."

जाळं मुद्देमालात होतं. कोर्टाच्या हुकमाशिवाय ते मला देता येत नव्हतं.