बाळूला सोडलं तो हिवाळा

दुःख विकत घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ते अटलांटिकपलीकडून मागवून घेणारा माणूस मी एकच पाहिला आहे आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. आमचे भावोजी स्टॅनमोरला राहतात, उत्तर लंडनमधल्या एका हॉस्पिटलात पेशंटना भूल देतात आणि अमेरिकेतल्या एका बेसबॉल टीमवर जिवापाड प्रेम करतात. क्रिकेटवेड्या देशात जन्मून क्रिकेटच्या माहेरी संसार थाटलेल्या माणसानं बेसबॉलच्या नादी लागणं म्हणजे नागपुरात वाढून संत्र्याला शिवणार नाही म्हणण्यासारखं आहे. आणि भावोजी मूळचे नागपूरचेच. तरुणपणी ते ट्रेनिंगसाठी वर्षभर अमेरिकेत होते. तिथली घरमालकीण म्हातारी त्यांना आपल्याबरोबर मॅचला न्यायची आणि घरून आणलेलं सँडविच अर्धं द्यायची. त्या वर्षी ती टीम तळाला होती. पुढेही ती बहुतेक वर्षं तळाच्या आसपासच रेंगाळली. "भावोजी, धरायचीच होती तर एखादी जिंकणारी टीम धरायची," असं मी एकदा म्हणाले, तर ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "अगं, परक्या गावात ज्यांनी खाऊ घातलं, त्यांना नंतर बदलतात होय?"

हॉस्पिटलात त्यांचे इंग्लिश सहकारी "म्हणजे आमच्या मुली शाळेत राउंडर्स खेळायच्या तेच ना?" असं विचारतात. त्या दिवशी भावोजी घरी आल्यावर चहालाही नको म्हणतात. पेशंटला झोप लागेपर्यंत दहापासून उलटे आकडे मोजायला सांगायची त्यांच्या खात्यातली पद्धत. भावोजी त्याऐवजी आपल्यामागून बेसबॉलच्या जागा म्हणायला सांगतात: पिचर, कॅचर, फर्स्ट बेस, सेकंड बेस. आजवर सेकंड बेसच्या पुढे कुणीही जागं राहिलेलं नाही, याचा त्यांना अभिमान आहे. ताईचं म्हणणं असं, की यात औषधाचं श्रेय काही नाही, घरी आम्ही विनाऔषधाचे फर्स्ट बेसलाच झोपतो.

एका उन्हाळ्यात त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला बेसबॉल खेळवायचा घाट घातला. पिकनिकची व्यवस्था दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे होती, त्यामुळे बटाटेवडे वेळेवर आले. बाकी काहीही ठरल्याप्रमाणे झालं नाही. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. आमच्या मंडळातला एकही सभासद बॅट सोडीना. प्रत्येक जण बॅट हातात घेऊन पळे आणि बेसजवळ पोचला की वाकून ती जमिनीला टेकवी. "अरे, टाका ती बॅट!" असं ओरडून भावोजींचा घसा बसला. त्यातून पुण्याचे एक निवृत्त सर्जन बॅटिंगला आले आणि त्यांनी येईल तो चेंडू शांतपणे सोडून द्यायला सुरुवात केली.

"सर, तीन चेंडू सोडलेत. तुम्ही आउट!" भावोजी म्हणाले.

"आउट कसा? स्टंप कुठायत? बाहेरचा होता, सोडला," सर्जन म्हणाले आणि पुढच्या चेंडूसाठी पवित्रा घेऊन उभे राहिले. चहा झाल्यावरच ते परतले, तेही नाबाद.

पण भावोजींचं खरं रूप बघायचं तर ते हिवाळ्यात. खेळ उन्हाळ्यात होतो, काळजी मात्र बारमाही असते, आणि हिवाळ्यात खेळ नसल्यामुळे काळजीला पूर्ण वेळ देता येतो. त्या दिवसांत तिकडच्या टीम आपसांत खेळाडूंचं साटंलोटं करतात: आमचा हा घ्या, तुमचा तो द्या. ज्याची देवघेव व्हायची त्याला बहुधा कुणी विचारतही नाही. ब्रॉडबँड येण्यापूर्वी या बातम्या वाचायला भावोजी दर शनिवारी ट्यूब रेल्वेनं मध्य लंडनमधल्या एका दुकानात जायचे आणि शिळा अमेरिकन पेपर ताज्या भाकरीसारखा छातीशी धरून आणायचे. घरातल्या माणसांनाही त्यांनी मैदानावरच्या जागा नेमून दिल्या आहेत. ताई कॅचर, कारण सगळ्यांचं फेकलेलं तिलाच झेलावं लागतं. मी प्रत्येक गोष्टीची यादी करते म्हणून मी मॅनेजर. त्यांचा मुलगा रोहन सेकंड बेसला. लहानपणापासून बापाशेजारी बसून मॅच बघायचा हक्क त्या घरात एकट्या रोहनला होता, आणि त्याचा सगळ्यात आवडता खेळाडूही सेकंड बेसवालाच होता. त्या खेळाडूचं खरं नाव फार लांबलचक. तो अगदी पोरवयात त्या टीमच्या तालमीत आला आणि तिथेच मोठा झाला, म्हणून घरात त्याला बाळू म्हणत. "बाळूला आज बरं नाही वाटतं," असं ताईसुद्धा पोळ्या लाटता लाटता म्हणायची.

तर त्या हिवाळ्यात भावोजींच्या टीमनं बाळूला सोडलं. एक मोठा पिचर येणार येणार म्हणून सगळे वाट बघत होते, तो दुसरीकडे गेला. बाळूच्या बदल्यात आला तो चाळिशीला टेकलेला एक लेफ्ट फील्डर, ज्याच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. "बाप्पा! टीम जमवतायत की ऑर्थोपेडिकचा वॉर्ड?" भावोजी म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी विनोद केला नाही. संक्रांतीला जवळच्याच पिनरमधल्या माझ्या घरी सगळे जमले तेव्हा मी तिळगूळ पुढे केला. तो त्यांनी घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "घेतो. पण गोड बोलायचं यंदा कबूल करत नाही."

मी हे सगळं नेहमीचंच समजले असते, पण ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. रोहनला एडिनबराला एक चांगली नोकरी चालून आली होती आणि महिनाअखेर त्याला उत्तर द्यायचं होतं. त्यानं बापाला सांगितलं, तर बापानं "हं" म्हटलं आणि बाळूचा विषय काढला. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हाही तेच. तेवढ्यात रोहन मागून आला.

"मावशी, बाबा काय बोलतच नाही. मी लंडनमध्येच राहिलो ना, तर माझा बॉस आहे ना, तो रिटायर होईपर्यंत मी तिथेच बसणार. बट बाबानी जा म्हटल्याशिवाय मला नाही जायचं. तू विचार ना त्याला, प्लीज."

"अगं, तूच विचार," ताई म्हणाली. "मी विचारलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात."

अशी कामं अंगावर आली की मी ती शनिवार सकाळच्या कामांत बसवते. ताईच्या घरचं जुनं कार्पेट कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, टाकायचं राहिलं होतं. गाडी चालवणारा माणूस टीव्हीचा आवाज वाढवू शकत नाही, असा हिशेब करून मी कार्पेटाचं एक टोक धरलं आणि भावोजींबरोबर गाडीत बसले. पहिल्या वळणालाच विचारलं, "भावोजी, रोहनचं काय करायचं?"

"घरात तयार केलेला पोरगा," ते म्हणाले. "इतकी वर्षं शिकवायचा, त्याच्या चुका पोटात घालायच्या, आणि आता कुठं खेळायला लागला तर देऊन टाकायचा."

"मी रोहनचं विचारतेय."

"मी बाळूचं सांगतोय."

मला बेसबॉल कळत नाही, पण कामाची माणसं कुठं बसवायची ते कळतं. मी म्हटलं, "बरं, बाळूचंच सांगा. तो राहिला असता तर काय झालं असतं?"

"बाकावर बसला असता. त्याच्या जागेवर त्याच्याहून सीनिअर माणूस आहे. तो काही इतक्यात हलत नाही."

"आणि तिकडे?"

"तिकडे रोज खेळवतील."

"मग बाळूचं बरंच झालं की."

सिग्नल हिरवा झाला होता. भावोजींनी गाडी हलवली नाही. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. इंग्लिश माणसानं हॉर्न वाजवला म्हणजे तो बराच वेळ थांबला असणार. भावोजींनी गिअर टाकला आणि समोर बघत म्हणाले, "बाळूचं बरं झालं. टीमचं वाईट झालं. दोन्ही एकदमच खरं असतं, पण पेपरवाले एकच छापतात." मग टिप आली. कार्पेट खड्ड्यात टाकताना त्यांनी आपलं टोक माझ्यानंतर बऱ्याच वेळानं सोडलं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी रोहनच्या पानात भात वाढला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "एडिनबराला वारा फार. तुझं ते पातळ जॅकेट चालायचं नाही. चांगलं घे." ताईनं मला लगेच फोन केला. आमच्याकडे बाप पोराला निरोप देतात तो असाच. इतक्या वर्षांत दुसऱ्या शब्दांत दिलेला मी तरी ऐकलेला नाही. रोहनच्या सामानाची यादी मी केली आणि जॅकेट पहिल्या ओळीत लिहिलं.

आता टोपीचं सांगायला हवं. भावोजींच्या टीमचा सीझन सुरू होतो तो पाडव्याच्या आगेमागे, त्यामुळे त्यांच्या बागेतल्या गुढीवर दरवर्षी तांब्यावर टीमची टोपी असते. रोहन लहान असताना त्याला कडेवर घेऊन ती घालायचे. पुढे रोहनच उंच झाला आणि त्यांच्या डोक्यावरून हात नेऊन घालायला लागला. दरवर्षी ताई म्हणते, "अहो, गुढीवर टोपी? शेजारचे काय म्हणतील?" आणि दरवर्षी भावोजी म्हणतात, "शेजारचे इंग्लिश आहेत. त्यांच्या लेखी टोपीच काय ती ओळखीची, तांब्याचंच त्यांना कोडं पडतं." पण बाळूला सोडलं त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, की यंदा टोपी चढणार नाही, टीमचा आणि आपला संबंध संपला.

पाडवा रविवारी आला. मी श्रीखंडाचा डबा घेऊन स्टॅनमोरला पोचले, तर गुढीवर नुसता तांब्या. तो इतका बोडका दिसत होता, की मलाच कसंसं झालं. "शब्द पाळलात म्हणायचा," मी म्हणाले.

"मोडायचा होता," भावोजी म्हणाले. "पण टोपीच सापडली नाही. कालपासून सगळं घर उलथंपालथं केलंय."

जेवणं चालू असताना रोहनचा फोन आला. त्यानं फ्लॅटच्या खिडकीत मॉपच्या दांड्याला ताईची जुनी ओढणी बांधून गुढी उभी केली होती. तांब्या नव्हता, म्हणून त्यानं स्टीलचा पेला उपडा घातला होता, आणि त्यावर टोपी. "बाबा, सॉरी हं, मी न विचारता नेली," तो स्पीकरवरून म्हणाला. "तू म्हणालेलास ना, तुला नको आहे."

"असू दे, असू दे," भावोजी म्हणाले. "तिथं वारा असतो. दोऱ्यानं बांध." आणि उठून उगाचच पाण्याचा जग भरून आणला.

संध्याकाळी मी निरोप घ्यायला आले तेव्हा ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. "बस, मॅनेजर," ते म्हणाले. मला पिनरला पोचून दुसऱ्या दिवशीची तयारी करायची होती, तरी मी बसले. पडद्यावर अडखळत मॅच चालली होती. एक थोराड माणूस चेंडूमागे धावत होता.

"हा कोण?"

"तोच. गुडघेवाला."

"धावतो की चांगला."

"धावतो," भावोजी म्हणाले. "हिवाळ्यात मी त्याला फार बोललो. तोही कुणाचं तरी घर सोडून आलाय." कोपऱ्यातल्या दुसऱ्या छोट्या खिडकीत निराळ्याच टीमचे आकडे होते. "हे कुणाचे?" असं मी विचारलं, तर ते जरा ओशाळून म्हणाले, "बाळूच्या नव्या टीमचे. बघायला नको, कसा खेळतो ते?" त्याच्याही खाली तिसरी खिडकी होती. तीत एडिनबराचं हवामान होतं: ढग आणि जोराचा वारा.

"मॅनेजर, जॅकेट घातलं असेल ना त्यानं?"

जॅकेट नेलंय, हे मला ठाऊक होतं. यादीत त्यापुढे खूण मीच केली होती. घातलं असेल का, याची यादी माझ्याकडे नव्हती. मी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि विचारलं, "आपली टीम म्हणजे कुठली हो, पांढऱ्या कपड्यांतली?"